हिमालयन ४५०: पन्नाशीनंतर पुन्हा मोटारसायकल घेणाऱ्यांसाठी, काही महिने वापरून

वीस-पंचवीस वर्षांच्या खंडानंतर ॲडव्हेंचर बाईक बघायला गेलं की शोरूममध्ये आधी ताकद सांगतात. ४५२ सीसी, ४० पीएस, ४० न्यूटन-मीटर. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० काही महिने शहरात, घाटांत आणि कोकणात चालवल्यावर माझं ठाम मत झालंय की या वयात हे आकडे नंतर बघावेत. आधी बघायचे ते दोनच: वजन १९६ किलो आणि सीटची उंची ८२५ मिलिमीटर. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू दुचाकीला बंद आहेत. म्हणजे आपला प्रवास जुन्या हायवेने, राज्यमार्गांनी आणि घाटांतूनच होणार, आणि तिथे ६० ते ९०चा वेग पुरतो. तेवढ्याला ४० पीएस भरपूर झाले. कस लागतो तो गाडी थांबवताना, वळवताना आणि पार्किंगमधून मागे घेताना.

गाडी चालू लागली की वजन जाणवत नाही. आडवी होते ती ठरावीक प्रसंगी. हँडल अर्धवट वळलेलं, पायाखाली खडी, वेग जवळजवळ शून्य, आणि दचकून दाबलेला पुढचा ब्रेक. फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, दबतो, वजन हँडल वळलेल्या बाजूला जातं, आणि टेकायला काढलेल्या पायाला जमीन दोन-तीन सेंटिमीटर खाली सापडते. एकदा गाडी बऱ्यापैकी कलली की १९६ किलो एका पायावर तोलून धरण्याचा प्रयत्न करू नये, पाय काढून घ्यावा आणि गाडी जाऊ द्यावी. क्रॅशगार्ड बदलता येतो. त्यापेक्षा सवयच अशी लावावी की हळू वळताना फक्त मागचा ब्रेक, अर्धा क्लच, थोडा चढा थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) आणि नजर वळणाच्या शेवटाकडे. थांबायचं असेल तर आधी हँडल सरळ, मगच पुढचा ब्रेक. मोकळ्या मैदानात अरुंद यू-टर्न दोन्ही बाजूंना पाय न टेकता जमेपर्यंत सामान किंवा मागे माणूस घेऊ नये.

पहिले काही आठवडे टाकी निम्मीच ठेवावी. १७ लिटर पेट्रोल म्हणजे साधारण साडेबारा किलो, आणि हे सगळं वजन गाडीच्या वरच्या भागात असतं. निम्म्या टाकीवर वळवताना फरक स्पष्ट कळतो. माझ्या वापरात घाट आणि हायवे मिळून २८ ते ३०चं ॲव्हरेज पडतं, त्यामुळे अर्ध्या टाकीतही सव्वादोनशे किलोमीटरची चिंता नसते.

गाडी उचलायची रीतही शोरूममधून बाहेर पडण्याआधी समजून घ्यावी. किल स्विचने इंजिन बंद करायचं, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची म्हणजे चाक घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं, सीटला पाठ लावून बसकण मारायची, एका हाताने खालची ग्रिप, दुसऱ्याने मागचा ग्रॅब रेल, आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर छोटी पावलं मागे टाकत जायचं. वाकून, कंबरेने ओढून उचलायला गेलात तर कंबर धरलीच म्हणून समजा.

उंचीचा अंदाज शरीराच्या उंचीवरून घेऊ नका, पायाच्या आतल्या मापावरून घ्या. भिंतीला पाठ लावून, बूट घालून उभं राहायचं, जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये घट्ट वर सरकवायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. ८० सेंटिमीटरच्या आसपास माप असेल तर ८२५च्या सीटवर दोन्ही चवडे नीट टेकतात, कारण आपण बसल्यावर सस्पेन्शनही काही सेंटिमीटर दबतं. माप त्याहून बरंच कमी असेल तर कमी उंचीची सीट घ्या, ती ८०५पर्यंत खाली येते. टेस्ट राईडला जाताना रोजच्या चपला नकोत, रायडिंगचे बूट हवेत. आणि विक्रेत्याला सांगून गाडी थोड्या उतारावर नाक खाली करून उभी करायला लावा. तिथून बसल्या जागी पायाने मागे रेटता आली, तर ती गाडी तुमची.

उंची कमी करायला मागचा प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा आधीचा ताण, सैल करून देणारे भेटतात. ते करू नये. मागची बाजू दबली की स्टिअरिंगचा कोन बदलतो, हँडल जड होतं आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो. साईड स्टँड मात्र तेवढाच लांब राहतो, त्यामुळे गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा उताराच्या जागेवर पलीकडे कलंडते. प्रीलोड वजनाप्रमाणेच लावायचा. मागच्या चाकाचा वर-खाली प्रवास २०० मिलिमीटर आहे, तुम्ही सगळा पोशाख घालून बसल्यावर त्यातला साधारण ६० दबायला हवा. मागच्या चाकाच्या ॲक्सलपासून (आसापासून) सीटखालच्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंत टेपने मोजायचं, एकदा गाडी उचलून चाक मोकळं असताना, एकदा बसून. मोजायला दोन माणसं लागतात, काम दहा मिनिटांचं.

इंजिनबद्दल थोडक्यात. हे जुन्या हिमालयनचं एअर-ऑईल कूल्ड ४११ नव्हे. हे लिक्विड कूल्ड आहे आणि जोर मधल्या आरपीएमला देतं. ३०००च्या खाली चौथ्या-पाचव्यात ओढायला गेलं की धक्के देतं, चेन खडखडते. बुलेटवर टॉप गिअरमध्ये रमतगमत जाण्याची सवय इथे मोडावी लागते. ताम्हिणीच्या चढाला दुसरा-तिसरा, ४००० ते ५५००, असं चालवलं की मजा येते. स्लिप-असिस्ट प्रकारचा क्लच दाबायला हलका आहे, बोटांचे सांधे दुखणाऱ्यांना हा फार मोठा दिलासा. ओल्या रस्त्यावर इको मोड लावावा, थ्रॉटल मऊ होतो.

पायांची जुनी सवय हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याला कोणी गांभीर्याने घेत नाही. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. सीडी १०० किंवा स्प्लेंडरवर सगळे गिअर पंजाने खाली दाबून वर जायचे. इथे डाव्या पायाने एक खाली, पाच वर. शांतपणे चालवताना सगळं लक्षात राहतं. कुत्रं आडवं आलं की मात्र पाय जुनंच करतो. बुलेटवाल्याचा डावा पाय ब्रेक समजून गिअर दाबतो, स्प्लेंडरवाला वरचा टाकायला जातो आणि खालचा पडतो. रिकाम्या रस्त्यावर ४०च्या वेगावरून दोन्ही ब्रेक एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरेपर्यंत दाबून थांबण्याचा सराव रोज दहा वेळा केला की काही आठवड्यांत पाय नवं शिकतो.

टायरमध्ये स्पोक ट्यूबलेसचा, म्हणजे तारांच्या चाकावर ट्यूबशिवाय चालणाऱ्या टायरचा, पर्याय मिळत असेल तर जास्तीचे पैसे द्या, चर्चा नको. सुरुवातीच्या गाड्यांना ट्यूब आहेत. पुढचं चाक २१ इंची, आणि त्या मापाची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असं नाही. ट्यूबवाली गाडी असेल तर २१ची ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि ॲक्सलला बसणारा पाना सोबत हवा. तो पाना घरी एकदा लावून बघा. अडचणीत २१ची ट्यूब मागच्या १७ला घालून हळूहळू जवळच्या गावापर्यंत जाता येतं, उलटं जमत नाही.

चष्मा. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग वाचनाचा असतो. हँडलसमोरची गोल टीएफटी स्क्रीन बघायला तो काही वेळा उपयोगी पडतो, पण पायाजवळची जमीन त्यातूनच धूसर दिसते, आणि थांबताना आपण नेमकं तिथेच बघतो. खड्ड्याची खोली चुकते. गाडीसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. फ्लिप-अप हेल्मेट घेतलं तर चष्मा न काढता ते घालता येतं. आयएसआयची खूण बघून घ्या. त्या स्क्रीनवर नकाशा फोनवरून येतो, त्यामुळे फोन तापतो आणि बॅटरी उतरते. हँडलजवळचा चार्जिंग पोर्ट वापरा, पण भर पावसात त्याचं झाकण बंदच ठेवा.

कोकणात सागरी मार्गाने जाणाऱ्यांसाठी एक सूचना. दिघी-आगरदांडा किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा लोखंडी रॅम्प ओला आणि शेवाळलेला असतो. चढताना पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, रॅम्पच्या जोडावर क्लच दाबायचा नाही. बोटीत गाडी साईड स्टँडवर, गिअरमध्ये, आणि तुम्ही शेजारी उभे. उतरल्यावर चेनला लगेच ऑईल. ओ-रिंग चेन (कड्यांत रबरी रिंगा असलेली) पेट्रोलने धुवायची नाही, तारेचा ब्रश लावायचा नाही. रॉकेल, मऊ ब्रश, कोरडं फडकं, मग चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑईल. पावसाळ्यात दर ३०० किलोमीटरला, एरवी ५००ला.

बुकिंगआधी लायसन्स काढून तारीख बघा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. खर्चाच्या बाजूने, २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना जीएसटी ४० टक्के झाला आणि ३५०पर्यंतच्यांना १८. त्यामुळे ४५० आणि २५०मधली दरी रुंदावली आहे. गुडघे कुरकुरत असतील किंवा पायाचं माप कमी असेल तर १६७ किलोची सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स (२५० सीसी) बघा, सीट ८३५ची असली तरी गाडी जवळजवळ ३० किलोने हलकी आहे. हिरोची एक्सपल्स २०० त्याहून हलकी, कच्च्या रस्त्यावर शिकायला उत्तम, फक्त हायवेला ८०-९०च्या वर तिला दम लागतो. जोडीने लांब जायचं असेल तर हिमालयनच. मागच्या व्यक्तीला मात्र शिकवून ठेवा: चालवणाऱ्याचे दोन्ही पाय टेकलेले, पुढचा ब्रेक दाबलेला, आणि तो ‘बस’ म्हणाल्यावरच फुटरेस्टवर पाय. उतरतानाही हाच क्रम.