डायलिसिस न घेणाऱ्यांची किडनी ओपीडी : पाचपैकी चार स्टार

माझे सासरे, अण्णा, वय ८३. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, ९ वर आलाय, हृदय आधीपासूनच अशक्त. या वयात, असं हृदय असताना डायलिसिसने आयुष्य फारसं वाढेलच याची खात्री नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास सुया टोचून पडून राहायला अण्णांनी स्वतःच नकार दिला. म्हणून आमची रवानगी या वेगळ्या ओपीडीत झाली.

इथे क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बाजूला ठेवून आधी अण्णांनाच विचारलं, "खाज येते का? झोप लागते का? जेवण जातं का?" खाजेबद्दल तोवर कुणी विचारलंच नव्हतं; आम्ही आपले साबण बदलत होतो. ती किडनीचीच निघाली. त्यासाठी गॅबापेंटिन हे औषध सुरू केलं, तेही अगदी कमी डोसमध्ये, कारण ते किडनीवाटेच बाहेर पडतं. किडनी थकली की अंगात साचतं, मग झापड येते, तोल जातो. रात्रीची पायांची चुळबुळही कमी झाली. आता अण्णा झोपतात, म्हणजे सासूबाईही झोपतात.

हिमोग्लोबिन वाढावं म्हणून एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन, सुजेसाठी फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी. गुडघ्यांसाठी घ्यायचे ते डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक बंद, किडनीला त्रास देतं म्हणून. पथ्याचा जुना कागद दोन्ही बाजूंनी गच्च भरलेला होता. पोटॅशियमचा रिपोर्ट बघून त्यातलं बरंच खोडलं. अण्णा पुन्हा चवीनं जेवायला लागले. मला विचाराल तर सगळ्या गोळ्या एकीकडे आणि हे एकीकडे.

बोलणं मात्र रोखठोक. किडनी सुधारणार नाही, शेवटच्या दिवसांत काय काय होऊ शकतं, सगळं समोर बसवून सांगतात. सासूबाईंना जड गेलं. मन बदललं तर डायलिसिसचा विचार पुन्हा करता येईल, हेही सांगितलं, तेव्हा त्या जरा सावरल्या.

आता तक्रार. संध्याकाळनंतर फोन कुणी उचलत नाही. एका रात्री अण्णांना दम लागला, कॅज्युअल्टीत नेलं, तर तिथले ड्युटी डॉक्टर थेट डायलिसिससाठी कॅथेटर (नळी) घालण्याचंच बोलू लागले. डायलिसिस नको, या निर्णयाचा अण्णांच्या सहीचा कागद होता, पण ओपीडीच्या फाइलमध्ये, आणि ओपीडीला कुलूप! भांडून त्याची प्रत घेतली. खरं तर ती पहिल्याच भेटीत हातात द्यायला हवी. एक स्टार त्याचाच कापलाय.

जाणार असाल तर घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. त्या एकेक करून तपासतात.