पातं खोबणीत बसवायचं, कोरायचं की घासून जोडायचं?

जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाची, पाती फिरत्या डिस्कला जोडायच्या तीन रीती आहेत. जुनी रीत खोबणीची: पात्याची मुळी डिस्कच्या कडेतल्या खाचेत सरकवायची, सुताराच्या सांध्यासारखी. पक्षी धडकून पातं वाकलं तर काढून दुसरं बसवता येतं, म्हणून दुरुस्तीवाल्यांना हीच आवडते. पण मुळ्या आणि त्या पेलणारी जाड कडा, दोन्हींचं वजन डिस्क कायम वाहते. शिवाय सांधा बारीक बारीक घासत राहतो आणि तडे तिथूनच सुरू होतात.

दुसरी रीत पाती आणि डिस्क एकाच ठोकळ्यातून कोरायची, म्हणजे ब्लिस्क. पाती बोटभर असतील तर डोळे झाकून हीच घ्यावी. टी700 या हेलिकॉप्टर इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये अशाच ब्लिस्क आहेत. पाती लांब झाली की मात्र महागड्या टायटॅनियमचा बराचसा भाग कीस होऊन कचऱ्यात जातो.

तिथे तिसरी रीत कामाला येते: लिनियर फ्रिक्शन वेल्डिंग. डिस्कच्या कडेवर ठेंगणे खुंट ठेवतात. त्यावर पातं दाबून दोन-तीन मिलिमीटर मागे-पुढे हलवतात, सेकंदाला 50 वेळांच्या आसपास. टायटॅनियमचं 6-4 मिश्रधातू (6 टक्के अॅल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियम) वितळायला 1600 अंश सेल्सिअस लागतात. इथे तेवढं तापू देतच नाहीत. धातू नुसता मऊ होतो आणि पृष्ठभागावरच्या ऑक्साइडसकट पापुद्र्यासारखा बाहेर वळतो. काही सेकंदांत काम होतं. पातं थोडं आखूड होतं, तेवढी लांबी आधीच जास्त धरावी लागते. खरी कसोटी थांबवण्यात आहे: हलतं पातं नेमकं मधोमध थांबलं पाहिजे. तरी प्रत्येक पातं किंचित वेगळं बसतंच, म्हणून प्रत्येकाचं माप घेऊन मगच मिलिंग, म्हणजे फिरत्या पात्याने कोरून अंतिम आकार देणं, करतात.

युरोफायटर या लढाऊ विमानाच्या ईजे200 इंजिनात ही रीत आहे. एफ-35बी या लढाऊ विमानाच्या लिफ्ट फॅनमध्ये, म्हणजे विमान सरळ वर उचलणाऱ्या पंख्यात, तर पोकळ पातीच अशी जोडली आहेत. कोरून पोकळ पातं कसं काढणार? पातं एका मिश्रधातूचं आणि डिस्क दुसऱ्याची, हेही जमतं. मशीन आणि फिक्श्चर (भाग घट्ट पकडून ठेवणारे साचे) महाग असतात, त्यामुळे मोजक्याच डिस्क करायच्या असतील तर हा खर्च अंगावर येतो.

इंजिनाच्या गरम बाजूला, टर्बाइनमध्ये, हा मोह टाळावा. तिथली निकेलची पाती बहुधा एकस्फटिकी, म्हणजे अख्खं पातं एकच स्फटिक, अशी असतात आणि जोडाच्या घर्षणात नेमका तो स्फटिकच बिघडतो. तिथे खोबणच बरी.

आणि ऑर्डर देण्याआधी दुरुस्ती कुठे होणार ते विचारा. ब्लिस्कवरचं मोडलेलं पातं कापून नवं जोडता येतं, पण त्यासाठी तेच घासून जोडायचं मशीन लागतं, आणि ते विमानतळावरच्या हँगरात नसतं.