क्लिपवाली मॅक्रो लेन्स : दिवा गेल्यानंतर जास्त कामाची

पाचशे रुपयांच्या आतली, पंधरापट दाखवणारी, भोवती एलईडीची रिंग असलेली, फोनच्या कॅमेऱ्यावर बसवायची क्लिप-ऑन लेन्स. बाकीची माहिती खोक्यावर आहेच. घरातले आणि कुंड्यांमधले बारीक किडे ओळखायला घेतली आणि पावसाळाभर वापरली. मग रिंगचं चार्जिंगचं सॉकेट ढिलं झालं आणि दिवा पेटेनासा झाला. विक्रेत्याचं म्हणणं, वॉरंटी काचेला आहे, दिव्याला नाही. पावतीवर असं कुठेही छापलेलं नाही. मेलवर मेल केले तरी उत्तर तेच. याची चीड आहे, आणि एक तारा त्यासाठीच कापला आहे.

तरीही लिहायला बसण्याचं कारण वेगळं आहे. दिवा गेल्यापासून फोटो सुधारले. थोडेथोडके नाहीत, किड्याचं नाव ठरावं इतके सुधारले.

कारण सरळ आहे. रिंग लेन्सच्या भोवती असते, म्हणजे उजेड किड्यावर अगदी समोरून पडतो. भुंग्याची पाठ फुगीर आणि चकचकीत असते, त्यामुळे तिच्यावर त्या रिंगचंच पांढरं वर्तुळ उमटतं आणि नेमकी ओळखीची खूण त्याखाली झाकली जाते. हळद, धणे, मिरचीपूड यांच्या डब्यात निघणारे दोन-तीन मिलिमीटरचे तांबूस, गोलसर भुंगे घ्या. त्यात दोन जाती नेहमी एकमेकींत मिसळतात, लॅसिओडर्मा आणि स्टेगोबियम. पहिल्याची पाठ बारीक लव असलेली पण गुळगुळीत, रेघा नसलेली. दुसऱ्याच्या पंखांवर खळग्यांच्या उभ्या ओळी असतात. पहिल्याच्या मिशा करवतीच्या दात्यांसारख्या, दुसऱ्याच्या मिशांची शेवटची तीन पेरं मोठी. रिंग लावून काढलेल्या फोटोत दोघंही सारखेच तांबडे, चकाकणारे मणी दिसतात. उजेड एका बाजूने, किड्याच्या पातळीवरून आला की प्रत्येक खळग्याला स्वतःची सावली मिळते आणि रेघा उठून दिसतात.

म्हणून रिंग चालू असली तरी लावू नका. सकाळी खिडकीशी बसा, उजेड डावीकडून येऊ द्या, उजव्या बाजूला पांढरं पोस्टकार्ड उभं करा म्हणजे सावलीची बाजू काळी पडत नाही. थेट ऊन येत असेल तर मधे बटर पेपर धरा. रात्री काम असेल तर टेबललॅम्प टेबलाच्या पातळीला आणून त्याच्यासमोर बटर पेपर लावा, पण दिव्याला चिकटवू नका.

किडा पळत असेल तर झाकणाच्या छोट्या डबीत घालून फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे, दहा मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर तो थोडा वेळ सुस्त राहतो. लॅसिओडर्माला धक्का लागला की तो पाय आणि डोकं पोटाखाली घेऊन मेल्यासारखा पडतो. मिशा दिसायच्या असतील तर तो पुन्हा चालू लागेपर्यंत हात लावू नका. खाली मिलिमीटरचा आलेखकागद ठेवा. किती मोठा होता हे नंतर आठवून सांगता येत नाही, फोटोत दिसावं लागतं.

फोकस फोन मागेपुढे करून घ्यायचा, स्क्रीनवर टिचक्या मारून नाही. लेन्स किड्यापासून दीड-दोन सेंटिमीटरवर असते आणि स्पष्ट दिसणारा पट्टा एक मिलिमीटरही खोल नसतो. कोपर टेबलावर टेकवा, हळूहळू पुढे सरकत सलग फोटो घ्या आणि त्यातून निवडा. दोन-तीन कॅमेऱ्यांचे फोन जवळ आल्यावर स्वतःच दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातात, ज्याच्यावर लेन्स बसवलेलीच नसते. सेटिंगमधला आपोआप मॅक्रो बंद करा.

पीठ आणि तांदळाच्या किड्यांसाठी लेन्स पुरेपूर वसूल होते, कारण उपाय बदलतो. लांब सोंड आणि पाठीवर चार तांबूस ठिपके असले तर तो तांदळातला सोंडकिडा. त्याची अळी दाण्याच्या आत असते, त्यामुळे चाळून फक्त मोठे किडे जातात आणि पुढची पिढी डब्यातच राहते. लांबट, चपटा, सोंड नसलेला तांबडा भुंगा पिठात, रव्यात आणि फुटक्या दाण्यांत वाढतो. छातीच्या दोन्ही कडांना सहा-सहा दात दिसले तर तो करवतदात्या. पिठातला किंवा मसाल्यातला किडा निघाला तर मूळ पुडा शोधून फेकायचा, शेजारचे डबे उघडून पाहायचे आणि कप्प्याच्या सांध्यांमधली भुकटी ब्रशने काढायची. सोंडकिडा निघाला तर तांदूळ उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये निदान चार दिवस ठेवायचा, म्हणजे दाण्यातल्या अळ्याही मरतात.

बागेत मात्र मत बदलावं लागलं. कुंडीतल्या मोठ्या किड्यांना नुसती नजर पुरते, मग लेन्स कशाला, असं सुरुवातीला वाटत होतं. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांनी ते वाटणं बदललं. त्या पांढऱ्या कापसात क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळीही असते. तिलाही पांढरी मेणाची झालर असते आणि ती ढेकूणच खाते. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांमध्येही हा भुंगा मित्रकीटक म्हणून सोडतात. लेन्सखाली पाहा : अळीची मेणाची लोंबं ढेकणापेक्षा लांब आणि विस्कटलेली असतात, सुईच्या टोकाने हलकं ढोसलं की ती तुरुतुरु पळते, ढेकूण जागचा जेमतेम हलतो. अळी दिसली तर त्या फांदीवर कडुनिंबाचं तेल किंवा साबणाचं पाणी मारू नका. इथेही रिंग लावली तर पांढऱ्यावर पांढरं सपाट होतं. पानाखाली काळा कागद धरा आणि बाजूचा उजेड घ्या.

ओलसर भिंतीवर आणि जुन्या पुस्तकांत धावणारे एक-दीड मिलिमीटरचे फिकट किडे पाहून लोक ढेकणाची पिल्लं म्हणून फवारणीवाल्याला बोलावतात. काळ्या कागदावर घेऊन पाहिलं की मोठं डोकं, पंख नाहीत, मागच्या पायांच्या मांड्या जाड, असे पुस्तकातले सोसिड दिसतात. ते चावत नाहीत, बुरशी खातात. उपाय हवा खेळती ठेवणं आणि भिंतीची ओल थांबवणं, औषध मारणं नाही. भिंतीवर लटकणारी राखाडी, खरबुजाच्या बीसारखी चपटी पिशवी दिसली तर तिची दोन्ही टोकं पाहा. दोन्हीकडून डोकं बाहेर काढणारी ती एका पतंगाची अळी असते, कोळिष्टकं आणि केसांवर जगणारी.

पावसाळ्यात दिव्याजवळ येणाऱ्या नारिंगी-काळ्या, मुंगीसारख्या लांबट, आखूड निळसर पंखांच्या पेडेरस या भुंग्याला ओळखायला लेन्सची गरज नाही. तो अंगावर चिरडू नका. त्याच्या शरीरातलं पेडेरिन हे विष त्वचेवर भाजल्यासारखे फोड आणतं. फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन बाहेर सोडा, स्पर्श झाला असेल तर लगेच साबणाने धुवा.

ओळख पटवायला फोटो गूगल लेन्स किंवा आयनॅचरलिस्ट या ॲपमध्ये टाकायचा असेल तर तीन द्या : वरून, बाजूने आणि मिशांचा. ठिकाण चालू ठेवा आणि किडा कशावर सापडला ते लिहा. एकाच फोटोवर आलेल्या जातीच्या नावावर औषध विकत घेऊ नका, कुळाचं नाव पक्कं झालं तरी उपाय ठरवायला बहुतेक वेळा पुरतं.

काचेला साडेचार तारे, दिव्याला शून्य. रिंग नसलेली, कमी किमतीची मिळत असेल तर तीच घ्या. क्लिपचं रबर गुळगुळीत होऊन लेन्स खाली सरकायला लागते, तेव्हा सायकलच्या ट्यूबचा तुकडा फेव्हिबाँडने लावा. दमट हवेत काचेवर बुरशी चढते, म्हणून सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि पुडी ओलसर झाली की बदला.