सोडून गेलेल्या सरांचा मेल: पुढे ढकलावा की परत पाठवावा?

पुसदकडच्या एका शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. पद प्रयोगशाळा सहायकाचं, काम सगळं. सत्तरेक खाती, मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि आलेला मेल वाचायला देणारं डव्हकॉट. आधी मशीन लॅबमध्येच होतं. एका उन्हाळ्यात लोडशेडिंगनं इन्व्हर्टरची बॅटरी बसली, तेव्हापासून भाड्याच्या सर्व्हरवर आहे. दरवर्षी एप्रिल-मे आला की तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक मोकळे होतात, एखाददुसरे सर निवृत्त होतात, आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. माणूस गेला, पण त्याचा पत्ता अजून कुठकुठल्या कार्यालयांच्या याद्यांत बसलेला आहे. त्याचं करायचं काय?

खातं सरळ उडवणं मी पर्यायात धरत नाही. त्यात पाठवणाऱ्याला ‘असा कोणी इथे नाही’ एवढंच कळतं. तीस वर्षं फळा पुसलेल्या माणसाबद्दल हे उत्तर मला बरं वाटत नाही. ऑटो-रिप्लायही मी लवकरच सोडून दिला. त्यासाठी खातं जिवंत ठेवावं लागतं, मेल आत साचत राहतो, आणि स्पॅममध्ये ज्याचं नाव खोटं वापरलंय अशा भलत्याच माणसाला आपलं ‘मी आता येथे कार्यरत नाही’ जाऊन पोचतं.

मग खरी निवड दोघांतच. व्हर्च्युअल एलियसमध्ये (पोस्टफिक्सच्या टोपणपत्त्यांच्या तक्त्यात) जुन्या पत्त्यासमोर नवा लिहून मेल पुढे ढकलायचा, नाहीतर रिलोकेटेड मॅप्समध्ये (हललेल्या पत्त्यांच्या तक्त्यात) नोंद करून ‘हे इथून हलले, आता इथे भेटतील’ असं सांगत दारातूनच परत पाठवायचा. कल्पना काही नवी नाही. मेलच्या देवाणघेवाणीचे नियम सांगणाऱ्या १९८२ च्या आरएफसी ८२१ मध्येच २५१ आणि ५५१ असे दोन कोड आहेत. पहिल्याचा अर्थ ‘माणूस इथला नाही, पण मी पुढे पाठवतो’, दुसऱ्याचा ‘माणूस इथला नाही, तुम्हीच तिकडे पाठवा’. म्हणजे आपण आज ज्यावर डोकं खाजवतोय ते तेव्हाच लिहून ठेवलेलं होतं.

फॉरवर्ड सगळ्यांना आवडतं, आणि का आवडतं तेही उघड आहे. जाणारे सर खूश, पाठवणाऱ्याला काही करावं लागत नाही, आपल्यालाही एका ओळीचं काम. मीही पहिली काही वर्षं डोळे झाकून हेच केलं.

अडचण अशी की गावचा पोस्टमन पाकिटावर नवा पत्ता लिहून पत्र पुढे पाठवतो तेव्हा त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. मेलमध्ये घेतात. पाठवणाऱ्याचं नाव तेच राहतं, पण मेल येतो आपल्या आयपीवरून (आपल्या सर्व्हरच्या नेटवरच्या पत्त्यावरून), आणि पाठवणाऱ्याच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे त्याच्या नावानं मेल पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरच्या यादीत, आपला आयपी नसतो. समोरच्या सर्व्हरला ते बनावट पत्रासारखं दिसतं. मूळ मेलवर डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरची डिजिटल, सही असेल आणि आपण मजकुराला हात लावला नसेल तर बहुतेक वेळा निभावतं. पण तालुक्याच्या ठिकाणची किती कार्यालयं धड सही करून मेल पाठवतात? २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहूनं नियम आवळले, तेव्हापासून सही नसलेल्या मेलचं आणखी कठीण झालं. एसआरएस नावाची युक्ती लावून लिफाफ्यावरचा प्रेषक बदलता येतो आणि एसपीएफ जमतं. मी त्यासाठीचं पोस्टएसआरएसडी लावून पाहिलं. चालतं. मात्र त्यानंतर पुढे गेलेला प्रत्येक स्पॅम आपल्या डोमेनच्या नावावर जमा होतो.

एवढ्यावरही मी फॉरवर्ड सोडलं नसतं. ते सुटलं एका सरांमुळे.

हे सर वर्ध्याकडच्या एका शाळेत गेले. त्यांचा जुना पत्ता मी त्यांच्या फुकटच्या खात्याकडे वळवून दिला होता. जुन्या पत्त्यावर कर्जाच्या आणि लॉटरीच्या जाहिराती यायच्या, त्याही इमानदारीनं पुढे जायच्या, आणि सर तिकडे त्यांना ‘स्पॅम’चं बटण दाबायचे. त्यांच्या बाजूनं बरोबरच. फक्त ते बटण जाहिरातवाल्यावर कमी आणि आमच्या आयपीवर जास्त पडत होतं. काही महिन्यांनी तिकडचा सर्व्हर आम्हाला ‘आत्ता नको, नंतर या’ म्हणू लागला. हा नकार कायमचा नसतो, तात्पुरता असतो. म्हणून पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतो. किती दिवस? मुळातली सेटिंग न बदलल्यास पाच दिवस. आणि ‘तुमचा मेल अडकलाय’ ही सूचना पाठवणाऱ्याला द्यायची सोय आहे, पण ती मुळात बंद असते.

सोमवारी दुपारी एका कार्यालयातून सरांना निवडश्रेणीच्या कागदपत्र पडताळणीचा मेल निघाला. पडताळणी शुक्रवारी होती. मेल परत गेला शनिवारी दुपारी.

पाच दिवस पाठवणारा बाबू समजत होता की पोचला. सर समजत होते की अजून पत्र निघालंच नाही. मी काहीच समजत नव्हतो, कारण त्या आठवड्यात मी मेलक्यू (अडकलेल्या मेलची रांग) उघडून पाहिलाच नाही. नंतर सरांचा फोन आला: “भाऊ, मले मेलच नाही आला ना! अन् ते म्हणून राहिले का पाठवला म्हणून. आता मी कोणाले धरू?” धरण्यासारखा मीच होतो.

मी ती सूचना चार तासांवर चालू केली. नियमानं वागायचं तर तेवढ्यानंही काम भागलं असतं. पण मनातून फॉरवर्ड उतरलं ते उतरलंच. मेल बुडतो तेव्हा तो आपल्या पोटात बुडतो, आणि ज्या दोघांना त्याची गरज असते त्यांना पत्ताही लागत नाही, हे मला पटेना.

रिलोकेटेडमध्ये हे होत नाही. पत्ता नोंदीत सापडला की पोस्टफिक्स प्राप्तकर्त्याचं नाव ऐकतानाच ५.१.६ (‘पत्ता हलला’) कोड देऊन नकार देतो. मेल आपल्याकडे शिरतच नाही, रांगेत बसत नाही. परतीची चिठ्ठीही पाठवणाऱ्याचाच सर्व्हर बनवतो, तीही त्याच मिनिटाला. सोमवारचा मेल सोमवारीच परत जातो.

त्याचेही काटे आहेत. परतीची चिठ्ठी इंग्रजीत, लांबलचक, आणि आपली ओळ कुठेतरी खाली. आमच्याकडे त्या चिठ्ठीवर पाठवणारा म्हणून दिसणाऱ्या ‘मेलर डीमन’ला व्हायरस समजून उडवणारे लोक आहेत, मी स्वतः पाहिलेत. बँकेचे किंवा पीएफचे आपोआप येणारे मेल परत गेले तर तिकडे वाचायला माणूसच नसतो. म्हणून जाणाऱ्याला मी महिनाभर आधी बसवून ते सगळे पत्ते बदलून घ्यायला लावतो. आणि नवा मेल पत्ता त्या ओळीत लिहिला तर तो कोणालाही दिसतो, स्पॅमवाल्यालाही. विशेषतः मॅडम लोकांना हे चालत नाही, आणि का चालावं?

यावर मला जमलेला तोडगा साधा आहे. समोरच्या रकान्यात मेल पत्ताच हवा असं नाही, फोन नंबरही चालतो. मी संस्थेच्या कार्यालयाचा नंबर टाकतो. इंग्रजी कोणी वाचो न वाचो, दहा आकडे सगळ्यांना वाचता येतात. फोन आला की आमचे बडेबाबू विचारपूस करून नवा पत्ता देतात, किंवा देत नाहीत. ही गाळणी कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा बरी निघाली. देवनागरीत लिहिण्याच्या भरीस पडू नका, त्या ओळीत साधी इंग्रजी अक्षरंच ठेवा.

करताना दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. फाइल बदलल्यावर पोस्टमॅप (फाइलवरून पोस्टफिक्सचा तक्ता बनवणारी आज्ञा) चालवायला विसरलात तर जुनाच तक्ता वाचला जातो. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. आणि एकच पत्ता एलियसमध्येही अन् रिलोकेटेडमध्येही ठेवू नका, पुढे कोण जिंकतंय ते शोधत बसाल.

खुर्चीच्या पत्त्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मुख्याध्यापक, परीक्षा विभाग, शिष्यवृत्ती हे पत्ते माणसाचे नव्हेत. ते एलियसच असावेत आणि माणूस बदलला की उजवीकडचं नाव बदलावं. असे पत्ते पहिल्यापासून दिले असते तर माझं निम्मं डोकं वाचलं असतं.

तुमच्याकडे जाणारे लोक थोडे असतील, त्यांचे मेल सही असलेल्या मोठ्या ठिकाणांहूनच येत असतील आणि रांग रोज पाहणारा कोणी असेल, तर फॉरवर्डला मी वाईट म्हणणार नाही. मुदत तेवढी घाला, तीन महिने पुष्कळ झाले. आमच्यासारखं असेल, म्हणजे सर्व्हर पाहणाराच प्रॅक्टिकलही घेतो आणि निवडणुकीच्या ड्युटीलाही जातो, तर रिलोकेटेडवर झोप चांगली लागते.

आज आमच्या यादीत सगळे रिलोकेटेड आहेत, एक सोडून. आमच्या जुन्या प्राचार्यांचा मेल अजून फॉरवर्ड होतो, तीन महिन्यांचा नियम मोडून. त्यांच्या नावासमोर काही अडकलंय का, हे मी रोज सकाळी पाहतो. अकरावीला ते मला गणित शिकवायचे.