सोडणातून लेकात: चार फॅलेनॉप्सिस, दहा महिन्यांनंतर

किनारपट्टीवर फॅलेनॉप्सिससारखी ऑर्किड नारळाच्या सोडणात, म्हणजे काथ्याच्या सालीत, लावतात. आठ महिने ते छान चालतं, पण पावसाळ्यात सोडणाचा चहाच्या चोथ्यासारखा लगदा होतो आणि मुळं गुदमरतात. लेका, म्हणजे भट्टीत फुगवलेले मातीचे गोळे, कुजत नाहीत. लेकात रोप लावून कुंडीच्या तळाशी पाण्याचा साठा ठेवायची पद्धत कोकणात नक्की चालते. फक्त वेळ आणि पाणी सांभाळायला हवं.

आधी वेळ. फुलं गळून गेल्यावर हिरव्या टोकांची नवी मुळं सेंटिमीटरभर दिसली की रोप हलवावं. सोडणात वाढलेली जुनी मुळं सततच्या ओलीला सरावलेली नसतात, त्यातली बरीच मरतातच. रोप तगतं ते नव्या मुळांवर. फेब्रुवारीत हलवलेली तिन्ही रोपं उत्तम आहेत. जुलैत हलवलेलं चौथं शेंड्यातून कुजलं, कारण त्या हवेत कापलेल्या जखमा सुकत नाहीत.

12 सेंटिमीटरची पारदर्शक कुंडी घ्यावी. तळाला भोक नको; तापवलेल्या खिळ्याने एकाच बाजूला, तळापासून 3 सेंटिमीटरवर दोन भोकं पाडावीत. त्याखाली पाण्याचा साठा राहतो. गोळे पाणी नितळ येईपर्यंत धुऊन दिवसभर भिजवावेत. मूळ चिमटीत दाबून बघावं: साल सुटून आत नुसता दोरा उरला तर ते कापायचं, टणक असेल तर ठेवायचं. बुंधा गोळ्यांच्या वरच राहू द्यावा आणि रोप काडीला घट्ट बांधावं. हलत्या रोपाची कोवळी टोकं घासून मरतात.

खरी अडचण पाण्याची. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 200 पीपीएमच्या वर गेलं की वरच्या गोळ्यांवर पांढरी पुटं चढतात, मुळांची टोकं काळी पडतात. यावर पागोळ्यांचं पाणी सगळ्यात चांगलं. पहिल्या पावसाचं सोडून द्यावं आणि पुढचं झाकणाच्या पिंपात भरावं. आठवड्याला कुंडीमागे अर्धा लिटर साधं पाणी वरून ओतून साठा पूर्ण बदलायचा. चार कुंड्यांना ऑक्टोबर ते मे 70 लिटर पुरतं.

खत लिटरला अर्धा ग्रॅम 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं), पंधरवड्यातून एकदा. त्यात कॅल्शियम नसतं आणि पावसाच्या पाण्यातही नसतं, म्हणून मधल्या आठवड्यात तेवढंच कॅल्शियम नायट्रेट. दोन्ही एकत्र कालवू नयेत, साका बसतो.

पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन भोकांपाशी बघत जावं. गोगलगायी दिवसा गोळ्यांत दडतात आणि एका रात्रीत सगळी हिरवी टोकं खातात.