फोनमधलं डिजिटल वेलबीइंग: बातम्यांच्या धास्तीवर कितपत चालतं?

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये खाली 'डिजिटल वेलबीइंग' नावाचा एक पर्याय असतो. कुठलं अ‍ॅप किती वेळ पाहिलं ते तो दाखवतो आणि त्याला टायमर लावून आवरही घालू देतो. गूगलने तो २०१८ साली आणला. वेगळे पैसे पडत नाहीत, बहुतेक फोनमध्ये तो आधीपासून असतो आणि बहुतेकांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो. मी तो रोज वापरते आणि नाशिकरोडला आमच्या भगिनी मंडळातल्या बऱ्याच जणींच्या फोनवर लावूनही दिला आहे. बातम्या बघून बघून ज्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्या ख्रिस्ती घरांसाठी हे लिहिते आहे.

माझी मुलगी आखातात नर्स आहे. तिकडे जरा खुट्ट झालं की आमच्याकडे यूट्यूबवर पाच-सहा चॅनेल एकदम ओरडायला लागतात. बातमी एकच, तीही सकाळचीच, पण थंबनेल दर तासाला नवं. अशा वेळी टायमर खरोखर कामाला येतो. यूट्यूबला अर्धा तास लावून ठेवायचा. वेळ संपली की अ‍ॅप बंद होतं, चिन्ह फिकं पडतं आणि मध्यरात्रीपर्यंत तसंच राहतं. बातम्यांच्या अ‍ॅपला वेगळा टायमर लावता येतो. डॅशबोर्डवर आज फोन किती वेळा उघडला, कुठल्या अ‍ॅपने किती नोटिफिकेशन पाठवल्या, हेही दिसतं. भगिनी मंडळात तो आकडा पाहून एक काकू बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "एवढ्या वेळा तर मी प्रभूचं नाव घेत नाही गं."

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे झोपेच्या वेळचा मोड. रात्री ठरलेल्या वेळी पडदा कृष्णधवल होतो. 'ब्रेकिंग'ची ती लाल पट्टी, पिवळी ठळक अक्षरं, निवेदकाच्या मागच्या ज्वाळा, सगळं राखाडी. मजकूर तोच असतो, पण बोट पुढे सरकत नाही. आपल्याला बातमीने धरलेलं नसतं, रंगाने धरलेलं असतं, हे तेव्हा समजतं. फोकस मोडला वार आणि वेळ ठरवून देता येते, म्हणून रविवारी सकाळी उपासना सुटेपर्यंत माझी बातम्यांची सगळी अ‍ॅप आपोआप थांबलेली असतात. शास्त्रपाठ मात्र मी छापील पवित्र शास्त्रातूनच वाचते. फोनवर वचन वाचताना वरून काही ना काही टपकतंच.

आता उणिवा. टायमर काढून टाकायला पासवर्ड लागत नाही, दोन-तीन वेळा बोट लावलं की झालं. मन घाबरलेलं असलं की तेवढं कुणीही करतं. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपपुढे हे साधन लंगडं पडतं. त्याच अ‍ॅपवर लेकीचा फोन येतो आणि त्याच अ‍ॅपवर 'तातडीने प्रार्थना करा, चर्चवर हल्ला' असे बिनतारखेचे व्हिडिओही येतात. टायमर लावावा तर दोन्ही बंद. त्यावर उपाय व्हॉट्सअ‍ॅपमध्येच करावा लागतो: ग्रुप कायमचे म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकायचे. आणि संदेशावर दोन बाण असले, म्हणजे तो पुष्कळदा फिरलेला असला, तर तारीख आणि ठिकाण कळल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. प्रार्थनेच्या नावाखाली खोटं पसरवणं हेही खोटी साक्ष देणंच आहे, असं माझं ठाम मत आहे. शिवाय हॉलमधल्या टीव्हीला हा टायमर लागत नाही. आमच्याकडे तो सकाळपासून चालू असायचा, आता ह्यांनी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांवर भागवायला घेतलं आहे. दहा मिनिटांत संपतात.

पण खरी उणीव अशी की हे साधन मिनिटं मोजतं, काय पाहिलं ते मोजत नाही. झाडून-पुसून रिकाम्या ठेवलेल्या घराचा दाखला प्रभूने दिला आहे, आधी गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो. बातम्या बंद करून त्या जागी रील्स पाहिले तर तेच होणार.

म्हणून बातमी सोडा असं मी कुणाला सांगत नाही. फिलिप्पैकरांस पत्र पौलाने बंदिवासातून लिहिलं. चिंता करू नका, प्रार्थना करा, जे सत्य आणि शुद्ध आहे त्याचा विचार करा, हे चौथ्या अध्यायातलं सगळ्यांना माहीत असतं. दुसरा अध्यायही वाचा. तिथे पौल म्हणतो की तुमची खबर कळून मला धीर यावा म्हणून तीमथ्याला पाठवायची आशा आहे. त्याला बातमी हवीच होती, पण नावानिशी ओळखीच्या माणसांची, ज्यांच्यासाठी तो गुडघे टेकू शकत होता.

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की हाच फरक आमच्याकडे दिसतो. पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, ही दृश्यं दिवसभर फिरतात, कधी कधी तर मागच्या वर्षीची. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला, हे एकदा कळलं की पुरे. मग सराफ बाजाराच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या माणसांना फोन करायचा, त्यांचं सामान वर हलवायला कुणी आहे का ते विचारायचं आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. मी टायमरने वाचलेल्या वेळात एक वही ठेवते: दिवसातली एकच बातमी, त्यातल्या माणसांची नावं कळली तर ती, आणि खाली प्रार्थना. लेकीच्या रुग्णालयातल्या मैत्रिणींची नावंही त्यात आहेत.

पाचपैकी साडेतीन तारे. टायमर घरातल्या दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या आणि काढायचा झाला तर त्यांना विचारूनच काढायचा, असं ठरवून टाका. आणि झोपेचा मोड जेवणानंतर लगेच सुरू होईल असाच ठेवा, अकरा वाजेपर्यंत थांबू नका.