पहिलं ट्रॅव्हल कार्ड: स्कॅपिया फेडरल आठ महिने वापरल्यावर

पहिलंच क्रेडिट कार्ड, आणि तेही प्रवासासाठी घ्यायचं असेल, तर वार्षिक फी नसलेलं आणि परदेशी चलनातल्या खर्चावर मार्कअप, म्हणजे जादा आकार, न लावणारं घ्यावं. फेडरल बँकेचं स्कॅपिया या दोन्ही अटींत बसतं आणि आठ महिने वापरूनही मत बदललेलं नाही. मात्र जाहिरातीत खर्चावर '१० टक्के' परत मिळतात असं म्हटलेलं असतं, ते आधी नीट समजून घ्या.

ते रुपये नव्हेत, कॉइन आहेत. पाच कॉइनचा एक रुपया. ₹१०,००० च्या खरेदीवर १,००० कॉइन, म्हणजे ₹२००. खरा परतावा २ टक्के. स्कॅपियाच्या अ‍ॅपवरून विमान किंवा हॉटेल बुक केलं तर २० टक्के कॉइन, म्हणजे ४ टक्के. पण पैसे भरण्याआधी तेच विमान एअरलाइनच्या साइटवर बघायचंच. समजा साइटवर तिकीट ₹६,००० ला आहे आणि अ‍ॅपवर ₹६,३०० ला. अ‍ॅपवर ₹२५२ चे कॉइन मिळतील, पण ₹३०० जास्त जातील. शिवाय याच कार्डाने साइटवर भरले असते तरी ₹१२० चे कॉइन मिळालेच असते. कॉइन वापरायचे तेही त्याच अ‍ॅपवर, प्रवासासाठी. एअरलाइनच्या माइल्समध्ये (तिकिटासाठी वापरता येणाऱ्या पॉइंटमध्ये) ते वळवता येत नाहीत, त्यामुळे माइल्स साठवून बिझनेस क्लास गाठायचा असेल तर हे कार्ड त्यासाठी नाही.

या कार्डाची खरी किंमत परदेशात कळते. बहुतेक साध्या कार्डांवर ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. परदेशात ₹१ लाख खर्च केला तर जीएसटी धरून नुसता मार्कअपच ₹४,१३० होतो. इथे तो शून्य. पण दुबईत दुकानदाराने मशीन पुढे केलं आणि स्क्रीनवर 'दिरहम की रुपये' असं आलं, तर दिरहमच निवडा. रुपये निवडले की दर त्या मशीनवाल्याचा लागतो, आणि शून्य मार्कअपचा फायदा तिथेच संपतो. घाईत दुकानदार स्वतःच बटण दाबतात, म्हणून पिन टाकण्याआधी रक्कम कोणत्या चलनात आहे ते वाचा.

घरभाडं, पेट्रोल आणि वॉलेटमध्ये टाकलेले पैसे यांवर कॉइन मिळत नाहीत. तिकीट रद्द करून रिफंड घेतला की त्यावरचे कॉइनही परत जातात. विमानतळावरचं लाउंज ठरावीक खर्च पूर्ण केल्यावरच उघडतं. ही मर्यादा बदलत असते, तेव्हा निघण्याआधी अ‍ॅपमध्ये बघून घ्या. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात कार्ड घेऊन लाउंजची आशा धरू नका.

नव्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते बिलात. ₹३०,००० चं बिल आलं, त्यातले ₹१०,००० भरले आणि ₹२०,००० पुढे ढकलले असं धरा. व्याज महिना ३.७५ टक्के असेल तर नुसत्या उरलेल्या रकमेवर महिन्याला ₹७५०, वर जीएसटी ₹१३५. त्या सगळ्या खरेदीचे कॉइन मात्र ₹६०० चेच. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासून सुरू होतं. 'मिनिमम ड्यू' (बिलातली किमान रक्कम) भरून लेट फी वाचते, व्याज नाही. बचत खात्यातून पूर्ण रकमेचं ऑटो-डेबिट पहिल्याच दिवशी लावा, आणि लावताना 'टोटल ड्यू' (पूर्ण बिल) निवडलंय ना, तेही तपासा. या कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. त्यावर फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून.

सिबिलमध्ये, म्हणजे कर्ज-कार्डांच्या परतफेडीच्या नोंदींत, काहीच इतिहास नसेल तर अर्ज नाकारला जाण्याची शक्यता मोठी. तेव्हा चार बँकांत एकदम अर्ज करत सुटू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदवली जाते. एफडी तारण ठेवून मिळणारं कार्ड घ्या, सहा महिने बिल वेळेवर भरा, मग पुन्हा अर्ज करा. लिमिट ₹६०,००० असेल तर बिल ₹१८,००० च्या आत ठेवलेलं बरं.

₹५,००० फीचं माइल्स कार्ड घ्यायचं ते वर्षभराची स्टेटमेंट समोर ठेवून. जीएसटी धरून फी ₹५,९०० होते. ते कार्ड यापेक्षा २ टक्के जास्त देत असलं, तरी स्वागताचे पॉइंट सोडले तर फी वसूल व्हायला वर्षाला ₹२,९५,००० खर्च हवा, आणि तोही पॉइंट मिळणाऱ्या प्रकारांतला. तेवढा होत असेल तर जरूर घ्या. स्कॅपिया मात्र बंद करू नका: फी नाही, सिबिलमध्ये ते तुमचं जुनं खातं म्हणून राहील, आणि परदेशात ते लागेलच.